मिठाची पुरचुंडी

सरस्वतीवहिनीनं माझ्या जेवणात कधीही मीठ घातलं नाही. हे एवढं एक वाक्य लिहायला मी म्हातारा होईपर्यंत थांबलो. ज्यांनी ते ऐकायला हवं होतं त्यांच्यातलं आता कुणी उरलेलं नाही. आई नाही, अण्णा नाहीत, दादा नाही, आणि वहिनी गेल्या पावसाळ्याआधी गेली. तिच्या भावाची नातवंडं आहेत. आपल्या आत्येआजीला सासरच्यांनी का टाकलं याची एक गोष्ट त्यांच्या घरात सांगतात. ती फिरत फिरत माझ्याही कानावर आली. ती गोष्ट खोटी आहे, आणि ती खोटी आहे हे सांगू शकणारा मी एकटाच शिल्लक आहे. बाकीच्या आठवणी मी जमतील तशा लिहीत गेलो. ही लिहिताना दोनदा वही मिटून कपाटात ठेवली होती.

कळायला लागल्यापासून माझ्या अंगावर काटा आहे. थंडीनं किंवा भीतीनं उभा राहतो आणि निघून जातो तो नव्हे. एकदा उभा राहिला तो परत बसलाच नाही असा. दंडांच्या मागच्या बाजूला, मांड्यांवर, थोडा गालांवर, मोहरीएवढ्या बारीक पुळ्या, कोरड्या, टोकाशी जरा लालसर. खाज नाही, दुखणं नाही, पू नाही. हात फिरवला की खरखर लागते एवढंच. आमचं घर मांडवीच्या वरच्या अंगाला होतं. घरात मासे रोज यायचे, त्यामुळे माझ्या कातडीला नाव शोधायला कुणाला लांब जावं लागलं नाही. मुशी म्हणजे मोरी माशाचं, शार्कचं, पिल्लू. तिला खवलं नसतात, पण कातडी कानशीसारखी खरखरीत असते. शाळेत माझं नाव मुशी पडलं. मधल्या सुट्टीत पोरं माझी बाही वर सारून म्हणायची, "मुश्या, पेन्सिलीला टोक करायचंय, दंड दे जरा." आमच्या कुंपणाच्या गडग्यापलीकडच्या काशीकाकू तर माझ्या तोंडावर आईला सांगायच्या, "आज विळी काढू नको गो, दत्तूच्या पाठीवरच नारळ खवून घे." सगळे हसायचे, मीही हसायचो. आई हसायची नाही.

आई हसायची नाही याचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. आमच्याकडे बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशी खायला घालतात. माझ्या वेळी आईला दूध कमी होतं, म्हणून आजीनं दहा दिवस बंदरावरून मुशी आणवली. आईला ती इतकी आवडली की दहा दिवसांनंतरही तिनं मागून मागून खाल्ली. पुढे मी तीन-चार वर्षांचा झालो, दंडावर काटा दिसू लागला आणि आजीच एकदा सहज बोलून गेली, "खाल्लीस ना मुशी, आली बघ पोराच्या अंगावर." आजी बोलली आणि विसरली. वर्षभरात ती वारलीसुद्धा. ते वाक्य मात्र आईच्या मनात राहिलं.

मी इंग्रजी पाचवीत, म्हणजे आजच्या नववीत असताना वर्गाच्या मास्तरांनी एक दिवस माझी बाही वर करून पाहिली, मला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणेपर्यंत तिथंच बसायला सांगितलं. कोणत्या रोगाची शंका होती ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजही नव्हती. त्या दिवसांत आमच्या बाजूला त्या रोगाची माणसं देवळांबाहेर बसलेली दिसायची. अण्णा, म्हणजे माझे वडील, कचेरीत कारकून होते. ते रजा काढून मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, आई हट्टानं बरोबर आली. डॉक्टरांनी दंड पाहिला, टाचणी टोचून पाहिली आणि म्हणाले, "हा रोग नाही. याची कातडीच अशी आहे. तेल लावा आणि विसरून जा." चिठ्ठी दिली. एवढं खरं बोलणारा माणूस त्या सगळ्या काळात आम्हाला दुसरा भेटला नाही. पण वाटेत आई थांबली आणि अण्णांना म्हणाली, "औषध दिलं नाही म्हणजे काय ते तुम्हाला कळलं का? बरं होणार नाही, असाच ना अर्थ?" अण्णा म्हणाले, "रोग नाही म्हणाले ना ते?" आई म्हणाली, "रोग नाही तर मग विसरा कशाला म्हणतात?"

त्यानंतर आमच्या घरात उपचार सुरू झाले. सोमवारी करंजेल, म्हणजे करंजाचं तेल, त्याचा उग्र वास शाळेच्या सदऱ्याला दोन दोन दिवस सुटायचा नाही. मग मसुरीचं पीठ आणि हळद. मग कोकमाचं तेल. ते घट्ट मुटक्याच्या रूपात असायचं, म्हणून आम्ही त्याला मुठेल म्हणायचो. चुलीशी धरून वितळवलं की आई ते माझ्या दंडाला चोळायची आणि चोळून झालं की मनगट उलटं करून मनगटाची आतली बाजू माझ्या दंडावरून फिरवायची. कामानं तिची बोटं इतकी राठ झाली होती की खरखर तिच्या बोटांची की माझ्या कातडीची हे तिला समजायचं नाही. मनगट तेवढं मऊ राहिलं होतं. फिरवायची आणि तेलाची वाटी उचलून आत जायची. अजूनही कुणी न सांगता माझ्या दंडाला स्पर्श केला तर मी आधी त्या माणसाचं तोंड बघतो.

शेवटी एक वैद्यबुवा आले. कुणाच्या तरी ओळखीनं आले होते, ओटीवर बसले, नाडी पाहिली, जीभ पाहिली. आईनं मुशीची सगळी हकिगत सांगितली. इतक्या वर्षांत ती तिनं पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाला सांगितली असावी, कारण सांगताना ती अण्णांकडे बघत नव्हती. वैद्यबुवांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, रक्तात क्षार साठलाय. वर्षभर मीठ नाही, मासा नाही, आंबट नाही, वांगं नाही. वरून रोज समुद्राच्या पाण्यात आंघोळ. मधे एक दिवस जरी मीठ पोटात गेलं तर वर्ष पहिल्यापासून मोजायचं. आई म्हणाली, "बुवा, खाल्लं मी आणि भोगणार हा? मी मीठ सोडलं तर नाही का चालणार?" बुवा हसले. पान लावत होते, त्यावरून मान न उचलता म्हणाले, "सोडा की. दूध तुमचंच होतं. दोघांनी सोडलंत तर दुप्पट गुण." ती थट्टा होती. मला पंधराव्या वर्षी ती थट्टा कळली, अण्णांना कळली, दाराआड उभ्या असलेल्या वहिनीलाही कळली. आईला कळली नाही. तिनं त्याच संध्याकाळी देवापुढे पाणी सोडलं की दत्तूची कातडी मऊ होईपर्यंत आपण मीठ खाणार नाही.

इथे वहिनीविषयी सांगायला हवं. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. मुंबईला एका गोदामात कामाला होता आणि गावच्याच दहा-बारा माणसांबरोबर एका खोलीत राहायचा. तिथे बायको नेण्याचा प्रश्न नव्हता. शिमग्याला आणि गणपतीला तो बोटीनं यायचा. बाकी वर्षभर वहिनी आमच्याकडे. ती तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची असेल. माहेर हातखंब्यापलीकडे आत, शेतकऱ्याचं घर. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. नवरा वर्षातून वीस दिवस घरी असतो हे त्याचं कारण असू शकतं, असं कुणाच्या मनातही आलं नाही. आईनं मीठ सोडल्यावर आम्हा दोघांचं अळणी जेवण रांधण्याचं काम वहिनीकडे आलं. त्यासाठी वेगळं मडकं, वेगळा डाव, वेगळी चूल. ती थट्टेखोर होती. सकाळी मी पाटावर बसलो की विचारायची, "भावोजी, आज पेजेत काय घालू? कालचीच पेज घालू?" कधी जिरं भाजून टाकायची, कधी ओलं खोबरं, आल्याचा तुकडा. कुळथाच्या पिठल्यात तिरफळं ठेचून घालायची, की निदान जिभेला काहीतरी लागावं. जीव तोडून रांधायची ती. आणि तरी, ज्यानं वर्षभर अळणी खाल्लेलं नाही त्याला कळणार नाही, पण मीठ नसलेलं अन्न तोंडात गेलं की ते अन्न आहे हेच समजत नाही. ओला कापूस चावल्यासारखं वाटतं. पहिल्या महिन्यात राग येतो. दुसऱ्या महिन्यात जेवायची वेळ झाली की रडू येतं. तिसऱ्या महिन्यात दुसरं काही सुचतच नाही.

वैद्यबुवांनी समुद्राची आंघोळ सांगितली होती. मी रोज पहाटे मांडवीच्या पुळणीवर जायचो, काळी वाळू, थंड पाणी. बुडी मारून वर आलो की ओठांवर खारं पाणी राहायचं. पहिले काही दिवस मी ते थुंकत होतो. एक दिवस चाटलं. मनाला सांगितलं, समुद्र तर बुवांनीच सांगितलाय. मग ओठ पुसण्याच्या निमित्तानं मनगट चाटू लागलो. चैत्रात एका दुपारी घरात सामसूम असताना मिठाच्या मडक्यात हात घातला आणि दोन खडे तोंडात टाकले. डोळ्यांतून पाणी आलं. मी ते खडे किती वेळ चघळले असतील कोण जाणे. मागे वळलो तर दारात वहिनी. काखेत कपडे, विहिरीच्या रहाटाकडे निघालेली. तिनं मडक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "सासूबाई दोन्ही वेळा तसंच गिळतात हो, भावोजी." एवढं बोलून ती गेली. तिनं ते आईला सांगितलं नाही. त्या क्षणी सांगितलं असतं तर मला मार बसला असता, वर्ष पहिल्यापासून सुरू झालं असतं आणि तिचा संसार वाचला असता. तिनं दया केली आणि पुढचं सगळं त्या दयेतून झालं.

मी थांबलो नाही. शाळेत जाताना दोन खडे, रात्री निजताना दोन खडे. पावसाळा आला आणि माझी कातडी खरंच मऊ पडू लागली. दमट हवेत ती तशी पडतेच, दरवर्षी पडते, हे मला आज माहीत आहे. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आईचं मनगट माझ्या दंडावरून फिरायचं आणि तिथंच थांबायचं. "कमी आहे रे," ती म्हणायची, "सरस्वती, हात लावून बघ गो, कमी आहे की नाही?" वहिनी हात न लावताच म्हणायची, "आहे हो कमी." श्रावणात दंडावर एक पुळी सुजली, तेव्हा करंजाचा पाला वाटून बांधायला वहिनीनं आपल्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून दिली. ते लुगडं पदराशी विरलं होतं. दंड बरा झाला, पट्टी माझ्याकडेच राहिली. तिच्यात मी मीठ बांधून ठेवू लागलो. अंगठ्याएवढी पुरचुंडी. माझ्या गोधडीची एक शिवण उसवली होती, तिच्या आत ती बसायची.

आई मात्र वाळत चालली होती. वैशाखात ती विहिरीवर दोनदा मटकन खाली बसली होती. पायांत गोळे यायचे, तेव्हा ती पाटा धरून उभी राहायची आणि कुणी विचारलं तर ऊन लागलं म्हणायची. अण्णा एकदा म्हणाले, "अगो, चिमूटभर घे, देव काही चिमटे मोजत बसलेला नाही." ती म्हणाली, "मी मोजत्ये ना." शेजाऱ्यांकडे लग्नाला गेली तर तिथंही साखर-भात तेवढा खायची. काशीकाकूंनी थट्टा सोडून दिली होती. माझ्यासमोर ताट यायचं, आईचंही यायचं, आणि ती माझ्या बरोबरीनं एकेक घास घ्यायची, म्हणजे मला एकट्याला अळणी खातोय असं वाटू नये. मी तिच्यासमोर बसून तोंड वाकडं करून जेवायचो. ते तोंड वाकडं करणं हे माझं पहिलं खोटं. ते शब्दांत नव्हतं, म्हणून मी ते कधी मोजलं नाही.

कार्तिक लागला, वारा कोरडा झाला, आणि दंड पुन्हा खरखरीत झाले. आधीपेक्षा जास्त. वर्ष पुरं व्हायला तीन आठवडे उरले होते. आईचं मनगट फिरायचं आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. "काहीतरी चुकतंय," ती म्हणायची, "कुठंतरी शिवलंय मीठ." मडकी घासून घेतली, डाव बदलला, अळणी चूल दुसऱ्या कोपऱ्यात नेली. वहिनीला तीन तीनदा हात धुवायला लावू लागली. वहिनी धुवायची.

तो शनिवार होता, शाळा सकाळची. मी घरी आलो तेव्हा खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, गोधड्या उन्हात टाकल्या होत्या. आई खळ्याच्या मध्यावर उभी होती आणि तिच्या तळहातावर माझी पुरचुंडी होती, गाठ सुटलेली. काशीकाकू गडग्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी एक खडा उचलून जिभेला लावला होता. "मीठच गो," त्या म्हणत होत्या, "दुसरं काय असणार? आणि चिंधी तर सरस्वतीच्या हिरव्या लुगड्याची. काठ बघ ना." वहिनी धुणं पिळत होती, ती हातातलं तसंच धरून उभी राहिली. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी खरं बोललो असतो, रागाची मला सवय होती. तिथे एक केविलवाणी आशा होती, की निदान हे मी केलेलं नसेल. तिनं विचारलं, "दत्तू, हे तुला कुणी दिलं?"

मी म्हणालो, "वहिनीनं."

पुढे कितीतरी वर्षं मी या एका शब्दाच्या आडोशाला राहिलो. मी स्वतःला सांगायचो, मी खोटं बोललो नाही. आईनं 'हे' असं विचारलं होतं. तिच्या हातात चिंधीही होती आणि मीठही. चिंधी वहिनीनंच दिली होती. मुंबईला नोकरीला लागलो, लग्न झालं, मुलं झाली, तरी ही पळवाट मी जपून ठेवली होती. आज ती मोडतो. आई काय विचारत होती ते मला कळत होतं. मी मिठाविषयीच उत्तर दिलं, आणि ते खोटं दिलं.

वहिनी म्हणाली, "भावोजी, काय दिलं मी? नीट सांगा." तिचा आवाज चढला नव्हता. ती मला वाट करून देत होती. चैत्रातल्या त्या दुपारविषयी एक शब्द बोलली असती तर ती सुटली असती, पण ते मीच बोलावं म्हणून ती थांबली. तिच्या हातातल्या पिळ्यातून पाणी ठिबकत होतं. मी खाली सारवलेल्या जमिनीकडे बघत राहिलो. मग तिनं हातातलं लुगडं झटकलं आणि वाळत घातलं, सगळ्या सुरकुत्या काढून, नीट. आई म्हणाली, "त्याला काय विचारतेस? दया आली असेल तुला त्याची. माझी नाही आली. वर्षभर माती खाल्ली गो मी. तुला पोर नाही, तुला कशाला कळेल?"

वहिनीनं त्यावर काहीही उत्तर दिलं नाही. लोकांनी त्याचा अर्थ तिनं कबूल केलं असा घेतला.

अण्णांनी दादाला पत्र लिहिलं. दादाचं उलट टपाली कार्ड आलं, त्यात चार ओळी होत्या. आईचं व्रत मोडणारी बायको घरात राहू नये, तिला माहेरी पोचवावी, पुढचं मी आल्यावर बघेन. पाच-सहा दिवसांनी तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. वहिनीनं ट्रंक बांधली, देवाला नमस्कार केला, अण्णांना केला, आईला केला. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. गाडीत चढताना वहिनी मला म्हणाली, "पेजेच्या मडक्याला तडा गेलाय. मागच्या दारी उन्हात ठेवलंय. आज त्यात शिजवू नका, फुटेल." गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी परसात गेलो. मडकं खरंच तिथे होतं, तोंड खाली करून ठेवलेलं.

आईनं वर्ष पहिल्यापासून मोजायला घेतलं. आता दोघांचंही तीच रांधायची. मी त्यानंतर मिठाला शिवलो नाही, एक खडाही नाही. पण ते प्रायश्चित्त म्हणण्याची माझी हिंमत नाही, भीती होती ती. दुसरा उन्हाळा आईला झेपला नाही. आषाढात तिनं अंथरूण धरलं, ताप येत-जात राहिला. डॉक्टर येऊन म्हणाले, बाईंना मीठ-पाणी द्या, पेज द्या, अंगात काही राहिलेलं नाही. ती ओठ मिटून घ्यायची. अण्णा तिच्या उशाशी बसून लहान मुलासारखे विनवायचे, आणि ती मानेनं नाही म्हणायची. माझ्याकडे बोट दाखवायची.

तेव्हा मी काय केलं ते सांगतो. परसात बांधकामाचा उरलेला जांभ्या दगडाचा चिरा पडला होता. त्याचा एक तुकडा घेतला आणि उजवा दंड घासला. कातडी सोलली, रक्त आलं, ते धुतलं. दोन दिवस लपवून मुठेल लावलं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा घासला. मग तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, "आई, हात लाव." तिनं मनगट उलटं केलं. इतकं हलकं झालं होतं ते मनगट. दंडावरून वरपासून खालपर्यंत फिरवलं. मला आग होत होती, मी दात दाबून धरले होते. ती म्हणाली, "मऊ झाली रे." मग डोळे मिटून थोड्या वेळानं म्हणाली, "आता सरस्वतीला आणा. किती दिवस राहील पोर माहेरी. मी बोलले तिला फार."

मी पेज केली, तिच्यात मीठ घातलं आणि चमच्यानं तिच्या तोंडात घातली. तिनं जिभेवर घोळवली. "घातलंस?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. "कळत नाही रे," ती म्हणाली. मी आणखी घातलं. तिनं मान फिरवली. "राहू दे. जीभ विसरली." तिसऱ्या दिवशी ती गेली. शेजारच्या बायका म्हणाल्या, बाईचं व्रत पुरं झालं, पोराची कातडी बघून सुखानं गेली. चिऱ्यानं झालेली जखम माझ्या दंडावर तोवर चिघळली होती. तिचा डाग अजून आहे. त्या टिचभर जागेत काटा नाही.

माझी नात पुण्याला शिकते. तिच्या दंडांवर हाच काटा आहे. बिनबाह्यांचे कपडे घालून ती माझ्यासमोर बसते, बाटलीतलं पांढरं मलम चोळते आणि म्हणते, "आजोबा, हे तुमच्याकडून आलंय बरं का. घराण्यात असतं, जात नाही, काही करायचं नसतं." तिच्या आईनं जन्मात मुशी खाल्लेली नाही. काही करायचं नसतं, हे ती किती सहज म्हणते. ती म्हणाली की मी उठून दुसऱ्या खोलीत जातो.

आईच्या दिवसकार्यानंतर, भातं कापणीला आली तेव्हा, मी एकटाच वहिनीच्या माहेरी गेलो. हातखंब्यापर्यंत गाडीनं आणि पुढे चालत. ठरवून गेलो होतो की तिच्या वडिलांसमोर आणि भावासमोर सगळं सांगायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. दादानं तोपर्यंत मुंबईला दुसरं लग्न ठरवलं होतं, हे मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं. पडवीत तिचे म्हातारे वडील दोरी वळत बसले होते. भाऊ शेतातून आला, पाय न धुताच उभा राहिला आणि म्हणाला, "कशाला आलात?"

मी म्हणालो, "आई गेली. ते सांगायला आलो."

आतल्या बांगड्यांचा आवाज थांबला. म्हातारे हळहळले, बसा म्हणाले, लांबून आलात, पेज घेऊन जा म्हणाले. वहिनी ताट घेऊन बाहेर आली. ती काळवंडली होती आणि खांदे पुढे आले होते. तिनं ते माझ्यापुढे ठेवलं. त्यात पेजेची वाटी होती आणि कडेला, जिथं लोणचं वाढतात तिथं, मिठाचे खडे ठेवले होते. मोजून दोन.

"पेजेत घातलेलं नाही, भावोजी," ती म्हणाली. "तुम्हाला हवं तेवढं तुमच्या हातानं घ्या."

भाऊ आणि म्हातारे ऐकत होते. त्यांना त्यात काहीच वेगळं वाटलं नाही. पाहुण्याला कुणीही म्हणेल तसंच ते होतं. ती समोरच्या खांबाला टेकून उभी राहिली, माझ्याकडे बघत, त्या दिवशी अंगणात उभी होती तशीच. हात पुढे करून ते दोन खडे उचलले असते तरी तिला पुरलं असतं, असं मला आता वाटतं. बोलावंही लागलं नसतं. मी वाटी तोंडाला लावली आणि ती अळणी पेज शेवटपर्यंत प्यालो. मान वर केली नाही.

तिनं ताट उचललं. खडे तसेच होते.

"अजून पथ्य चालूच आहे वाटतं," ती म्हणाली, आणि आत गेली.